एसी, नोटीस आणि गच्चीचं कुलूप

८ एप्रिल
दुपारी एसटी डेपोतून घरी आले तं एसी बंद. पंखा गरम हवा फेकून राह्यला. गौतम चाकाच्या खुर्चीत, मान मागे टाकून. म्हणे, "सकाळी दहालेच गेला. तुले फोन नाही केला, तू गाडीवर होतीस."
लग्नानंतर आंब्याच्या झाडावरून पडला तेव्हापासून छातीखाली त्याचं अंग लुळं, घामसुद्धा येत नाही. बाहेर तापलं की तोही तापतो, पातेल्यासारखा. म्हणून तं हे घर घेतलं. तळमजला, दाराशी उतार, खुर्ची जाईल एवढे दरवाजे, आणि एसी. पुऱ्या उमरखेडात असं दुसरं सापडलं नव्हतं.
वर जाऊन मालकाले सांगितलं. "पाहतो," म्हणाले.

११ एप्रिल
मालक म्हणे, "मेकॅनिक नांदेडवरून येते. उद्या."
कूलर आणला शेजारच्या शेवंताबाईकडून. पण कूलरले पाणी पाहिजे, आणि नळ आठवड्यातून एकदा. प्यायचं ठेवायचं का कूलरले पाजायचं?

१४ एप्रिल
जयंती. गौ.ने निळा फेटा बांधून घेतला माझ्याकडून. सकाळी लवकर चौकात वंदनेले नेलं. सगळे भेटले, जय भीम, जय भीम. ऊन चढायच्या आत परत. मिरवणूक नाही. खिडकीतून ढोल ऐकत बसला. चेहरा...
जाऊ दे.

१७ एप्रिल
पुसद गाडीवर तिकिटं फाडत होते. शेवंताबाईचा फोन. "बाई, भाऊ लय तापले. बोलणं अडकून राह्यलं."
शेवंताबाई राठोड, शेजारची खोली, याच मालकाची भाडेकरू, शिवणकाम करते. मी पोचेपर्यंत तिने ओल्या चादरी गुंडाळल्या होत्या, डॉक्टरले घरीच बोलावलं होतं. सलाइन. डॉक्टर म्हणाले, "अजून थोडा उशीर झाला असता तं दवाखान्यात न्यावं लागलं असतं. या माणसाले गार खोली म्हणजे औषध आहे, चैन नाही."
तिचे हात धरले. ती म्हणे, "रडू नको वो. मालकाचं काय ते पाह्य."

१८ एप्रिल
मालकाच्या दुकानात गेले. बियाण्याचं दुकान, गिऱ्हाइकं बसलेली. सगळ्यांसमोर सांगितलं काल काय झालं ते. मालक हसले.
"आमचे बाप-आजे काय एसीत वाढले?"
म्हटलं, करारात लिहून आहे. पंखे, गिझर, एसी, चालू स्थितीत. त्याचंच भाडं जास्त घेता.
"जमत नसन तं दुसरं घर पाहा."
घरी येऊन गौ.ले सांगितलं. तो म्हणे, "सोडून देऊ. माह्यासाठी किती जणांशी भांडशीन?"
म्हटलं, तुह्यासाठी नाही. माह्यासाठी. मीही इथंच राहते.
खरं तं दोघांसाठी. पण तसं म्हटलं असतं तं त्याने ऐकलं नसतं.

२१ एप्रिल
नशीब पाहा. आज पुसद गाडीत वकीलबाई चढल्या, निलोफर मॅडम. कोर्टासाठी नेहमी जातात. बायकांचं अर्धं तिकीट फाडून दिलं आणि विचारूनच टाकलं. गर्दी कमी होती, मॅडमच्या बाजूच्या सीटवर टेकले.
मॅडम म्हणाल्या, घरभाड्याच्या कायद्यात घर नीट ठेवणं मालकाचं काम आहे. लेखी नोटीस द्या, पंधरा दिवसांची. नाही केलं तर स्वतः करून घ्या, खर्च भाड्यातून कापा. मात्र हद्द आहे, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाच्या वर नाही.
"पण एसी हा शब्द काही कायद्यात नाही बरं. तो तुमच्या करारात आहे. आपलं बळ तिथं. मालक वाद घालू शकतो, हे धरून चाला."
"अन् घराबाहेर काढलं तं?"
"असं उठून कोणी काढत नाही. कोर्टात जावं लागते त्याले. तेव्हा मी आहे न."
मधल्या फाट्यावर मी घंटी मारायचीच विसरले. ड्रायव्हर मागे वळून पाहे.

२२ एप्रिल
नोटीस गौ.ने लिहिली. सध्या लग्नसराई, निमंत्रणपत्रिका कॉम्प्युटरवर जुळवायचं काम त्याच्याकडे भरपूर, पण गरमीनं दुपारभर बोटं चालत नाहीत. पहाटे उठून टाइप केली. एका पानाची. कुठं तिखट शब्द नाही. वाचून म्हटलं, लय मऊ झाली. म्हणे, "मऊ नाही. पक्की आहे."
मॅडमले दाखवली. त्यांनी एकच ओळ बदलली. रजिस्टर पोस्टानं टाकली. एकाच घरातून एकाच घरात, मधे पोस्टमन!

२५ एप्रिल
पोस्टमन आमच्या दारावरून वर गेला. मालकाची सही झाली. मी दाराआड. हसू आवरेना.

३० एप्रिल
मालक बोलत नाहीत. गल्लीत आम्हाला "नोटीशीवाले" म्हणतात. वरच्या मजल्यावर कॉलेजचे सर भाड्यानं राहतात, त्यांना म्हणाले, दिवाळीले यांचा करार वाढवणार नाही. सरांनीच येऊन सांगितलं, हळू आवाजात, जसं काही त्यांनीच केलं.
गौ.चे दिवस असे: पहाटे काम, नऊनंतर ओल्या चादरी. कुल्फीवाला रोज बर्फाची लादी टाकून जातो, म्हणे वहिनी, दुसऱ्या गिऱ्हाइकाआधी तुमची. शेवंताबाई तासातासाने डोकावते. कसेबसे दिवस ओढून राह्यलो.
आज गौ. म्हणे, "ह्या लोकांनी माह्यासाठी किती केलं, अन् मी नुसता बसून." म्हटलं, नोटीस कोणी लिहिली?

११ मे
मुदत संपली. मालकाने काही केलं नाही. मेकॅनिक सलीमभाईले बोलावलं. आतलं मशीन पाहून म्हणाले, इथं काही नाही, दोष बाहेरच्या युनिटात. ते गच्चीवर.
वर गेलो तं गच्चीच्या दाराले नवं कोरं कुलूप.
मालक जिन्यातच उभे. "गच्ची माझी आहे. किल्ली माझ्यापाशी. भाड्यात गच्ची नाही."
सलीमभाई पिशवी उचलून गेले, "कुलूप निघालं की बोलवा." मी जिन्यातच उभी. एवढं सगळं करून एका कुलपापाशी अडकलो.
मॅडमले फोन. त्या म्हणाल्या, "अडवलं ना? छान. आता आपली बाजू अजून जड झाली. फोटो काढून ठेवा." मले काही छान वाटलं नाही.

१२ मे
हे नीट लिहून ठेवते. विसरायचं नाही.
पहाटे शेवंताबाई आणि वरच्या काकू, म्हणजे मालकाची बायको, दोघींचा मिळून कुरडयांचा घाट. गहू तीन दिवस भिजलेला. अंधारातच चीक शिजवला, मोठी दोन पातेली. गल्लीतल्या चार जणी सोऱ्या घेऊन हजर. मी ड्यूटी बदलून घेतली होती, मीही हात लावला. सगळ्या पातेली उचलून वर निघाल्या.
कुलूप.
काकूंले कुलपाचं माहीतच नव्हतं; मी समजले, घरची किल्ली त्यांच्यापाशी असनच. मालक तं शेतावर, किल्ली खिशात. काकूंनी फोन लावला. तिकडून काय बोलले कोण जाणे, काकू मोठ्यानं, "आज नको म्हंजे? चीक थांबते काय तुमच्यासाठी? आत्ताच्या आत्ता या!"
मी पहिल्यांदाच काकूंचा आवाज चढलेला ऐकला.
मालक स्कूटरवर आले. जिन्यात सहा बायका, पातेली वाफाळून राह्यलेली. मुकाट्यानं कुलूप उघडलं. मी तोवर सलीमभाईले फोन करून ठेवला होता, ते दारातच. मालकांनी त्यांना पाहिलं.
"बायका जातीन. मेकॅनिक नाही जाणार."
तेवढ्यात खालून आवाज आला.
"मालक."
गौ. खुर्ची ढकलत जिन्याच्या पायथ्याशी आलेला. एकटा. जिन्याकडच्या दाराच्या उंबऱ्यावरून खुर्ची कशी काढली देव जाणे. नाही, देव नाही, त्याचेच हात.
"मी वर येऊ शकत नाही, म्हणून इथूनच बोलतो. नोटीस मी लिहिली. तुमच्यावर राग म्हणून नाही लिहिली. त्या दिवशी माह्या तोंडातून शब्द निघत नव्हता. हे घर मी भाड्यानं घेतलं ते त्या मशीनसकट. सलीमभाई वर जातीन, पैसे मी देईन, भाड्यातून कापीन. तुमाले अडवायचं असन तं अडवा. पण अडवलं असं लिहून द्या, सहीनं."
पडल्यापासून एवढं मोठ्यानं बोलताना मी त्याले ऐकलं नव्हतं. फोनवरसुद्धा मले पुढे करायचा.
मालक एकदा खाली पाहत, एकदा काकूंकडे.
शेवंताबाई म्हणे, "मालक, बाजूले व्हा. ऊन चढून राह्यलं."
काकूंनी मालकाच्या हातातून किल्लीच घेतली. आपल्या कमरेले खोचली. "जा हो सलीमभाई," म्हणाल्या.
मालक बाजूले झाले.
गच्चीवर एका कोपऱ्यात सलीमभाई पाइपाचं भोक बुजवून गॅस भरून राह्यले, बाकी गच्चीभर साड्या अंथरून आम्ही कुरडया घालून राह्यलो. मधेच खालून गौ.ची हाक, "चालू झाला!"
आम्ही सगळ्या ओरडलो. काकूसुद्धा.

१३ मे
काल दिवसभर गौ. गार खोलीत झोपला. आज चार पत्रिका पूर्ण केल्या. एका नवरीचं नाव तिच्या घरच्यांनी चुकीचं लिहून दिलं होतं, ते त्याने पकडलं. खुशीत आहे. संध्याकाळी म्हणे, जिन्याकडच्या उंबऱ्याले एक फळी लावून दे, मले येता-जाता यावं.

१ जून
भाडं द्यायले गौ. स्वतः बसला. बिल जोडून, दुरुस्तीचे कापून. मालकांनी पाकीट घेतलं, उघडलं, परत बंद केलं. गौ.ने पावती मागितली.
"कायले पावती?"
"नेहमीसारखी," गौ. म्हणे.
पावती दिली. मग जिना चढताना मधेच थांबले. रागानं, का... वय झालं त्यांचंही. मले मनात जिंकल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाले बोलू. लय वाटत होतं.

६ जून
वरचे सर आले. त्यांच्या बाथरूमची ओल दोन वर्षांची, भिंतीचा चुना हाताले लागून येते. "तुमची ती नोटीस पाहायले मिळन काय?" शेवंताबाईच्या खोलीची वायरिंग जुनी, मशीन लावली की ठिणगी पडते. तीही म्हणे, "भाऊ, माही पण लिहा न."
गौ.ने दोघांना सांगितलं, आधी तोंडी बोला, मग लिहू. रविवारी आपल्याच खोलीत बसायचं ठरलं. निलोफर मॅडमही येते म्हणाल्या.

८ जून
काकू वाटीभर तळलेल्या कुरडया घेऊन आल्या. जाता जाता म्हणाल्या, "हेही येऊन राह्यले रविवारी. काय बोलतीन मले नाही माहीत. दिवाळीच्या कराराचं मनात धरून आहेत."
गौ.ले सांगितलं. स्क्रीनवरून नजर न काढता म्हणे, "येऊ दे. एक खुर्ची जास्त मांड."