पाहणं आणि बसणं

३ फेब्रुवारी, लातूर
परत अडकला! डाळमिलच्या वजनकाट्यासाठी सी भाषेत लिहिलेला माझा प्रोग्रॅम. काट्यावर बसणाऱ्या रामलिंगकाकांचा सकाळीच फोन – "म्याडम, थांबवायचं बटण दाबून राहिलो, ऐकूनच न्हाई राहिलं! पुढचा ट्रक चढला की मग बंद होतंय." म्हटलं, नीट दाबत नसाल. काका चिडले.

संध्याकाळी आईची रिंग. हदगावला शेतातून घरी पोचली की एक रिंग – उचलायचा नाही. दोन रिंगा म्हणजे फोन कर. कॉल फुकट झाले तरी हिची सवय जात नाही. हट्टी बाई!

५ फेब्रुवारी
सापडलं! काकांचं काही चुकत नव्हतं. प्रोग्रॅम आधी बघतो – थांबायचा सिग्नल आलाय का? नाही. मग काट्याकडून वजन यायची वाट बघत बसतो. सिग्नल नेमका या दोन्हींच्या मधे आला तर त्याची नोंद होते, पण बघणारा बघून मोकळा झालेला. ट्रक येऊन उठवेपर्यंत ढिम्म! आज मिलवर जाऊनच दुरुस्त करते.

६ फेब्रुवारी, हदगाव
आई गेली.

११ फेब्रुवारी
लिहिल्याशिवाय राहवत नाही. परवा मिलवर पोचले, फोन पाहिला – काही नाही. आवाज बंद केला, पिशवीत टाकला आणि काट्यासमोर बसले. तेवढ्यातच आईच्या दोन रिंगा येऊन गेल्या. ट्रक आला, मी उठले, तेव्हा दिसल्या. फोन केला तर बाबांनी उचलला. आईच्या छातीत कळ आली होती, आता तिला बोलता येत नव्हतं.

बाबा आज म्हणाले, "गाडी येईस्तोवर फोन हातात धरून बसली व्हती. म्हणली, पोरगी करंल आता."

करंल आता! मी का नाही पुन्हा एकदा पाहिलं? फार दुखतंय.

(परवा कुठलं – सहा दिवस झाले. मला दिवस कळेनासे झालेत.)

१८ फेब्रुवारी, लातूर
दुरुस्ती झाली. सिग्नल आधी दाराशी अडवायचा, मग बघायचं. आणि वाट बघत बसणं नि दार उघडणं एकाच दमात. मधे फटच नाही; अडवलेला सिग्नल आत येऊन लगेच उठवतो. सीमध्ये त्यासाठी तयार सोय आहे. काकांनी बटण दाबलं – लगेच बंद! "लई भारी, म्याडम!" म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं नि चहा आणायला गेले. एवढंसं तर काम होतं. एवढंसं!

२० फेब्रुवारी
संध्याकाळी आईच्या नंबरवरून रिंग. फोन हातातच होता. उचलला.

"उचलायचा नसतो गं," बाबा म्हणाले. "घरी पोचलो, एवढंच." आणि रडायला लागले.