मामंजींची खारी टॉफी

१४ जानेवारी १९७१, गुरुवार

गुळाचा पाक करपला. दारात कोण आलं ते बघायला उठले, तेवढ्यात. सासरची माझी पहिली संक्रांत — आणि घरभर जळका वास. आत्याबाईंनी नुसती खिडकी उघडली. सासू म्हणून बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पण एक घडलं. मामंजी खाटेवर उठून बसले. दिवाळीत त्यांच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून उजवा हात लुळा, वाचा गेलेली. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. दोन घास भरवायचे तर आत्याबाई रडकुंडीला येतात. आज आपणहून उठले. कढईकडे बघत राहिले.

१५ जानेवारी

भाकरी थापता थापता आत्याबाईंना विचारलं, मामंजी असे का बघत होते?

"जल्म चुलीपुढं गेला की त्यांचा. भिंगारच्या पलटनीच्या मेसात, गोरे साहेब हुते तवापासून. साखरेची कसली तरी टॉफी करायचे म्हनं. साहेबांची पोरं मागं लागायची."

"तुम्ही खाल्लीत?"

"न्हाई बाई. मेसातलं मेसात. घरी कधी खडासुदिक आनला न्हाई."

तक्रार नव्हती आवाजात. मलाच कसंतरी झालं.

१७ जानेवारी, रविवार



हे घरी होते. म्हटलं, मामंजींना चुलीजवळ बसवू या, ती टॉफी करून बघू. "उगं त्यांना कशाला तरास?" म्हणाले, पण उचलून आणलं, पाठीला उशी लावली. मी कढईत रेशनची साखर ओतली, पाण्याचा तांब्या उचलला — मामंजींनी डाव्या हाताने तो बाजूला सारला.

पाण्याशिवाय पाक?

डोळ्यांनीच म्हणाले, थांब. मग चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं. थोडा वेळ काहीच नाही. मग कडेची साखर ओली झाली. कोरडी साखर, नुसत्या धगीवर, पाण्यासारखी! आधी पांढरी, मग मधाच्या रंगाची, मग घासलेल्या तांब्यासारखी. मी आयुष्यभर साखर बघितली आणि तिच्या पोटात हा रंग आहे हे मला माहीत नव्हतं. मामंजींच्या खुणेवर लोण्याचा गोळा टाकला तशी कढई फसफसून वर आली. मी मागे सरकले. मामंजी हलले नाहीत.

भाजलेले शेंगदाणे घातले. आणि मामंजींचा हात मिठाच्या बरणीत गेला.

"आबा, मीठ हाय ते!" हे ओरडले.

आत्याबाई हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. त्यांना आता उमगत न्हाई."

मामंजींनी चिमूट सोडली. घरातली सगळी साखर होती ती. तूप लावलेल्या ताटात ओतलं.

थंड झाल्यावर काचेसारखी तुटली. पहिला तुकडा मामंजींनी उचलला आणि आत्याबाईंच्या पुढे धरला. सुनेसमोर, लेकासमोर. त्या लाजल्या. मग घेतला.

दात नाहीत फारसे. गालात धरून बसल्या. डोळे मिटले.

"खारट हाय," म्हणाल्या. मग, "न्हाई. गोड हाय."

मीही खाल्ला. आधी गोड, मग जिभेच्या कडेला मीठ, आणि त्यानंतर जे गोड लागतं ते आधीचं नव्हेच. असं कसं होतं? आम्हा पाथर्डीकडच्यांना गोड म्हणजे गूळ-शेंगदाणे. मला हे कुणी सांगितलं असतं तर हसले असते.

मामंजींनी स्वतः खाल्लं नाही. आत्याबाईंकडे बघत होते.

१८ जानेवारी

मामंजींनी डाव्या हाताने अर्धी भाकरी खाल्ली. कुणी भरवली नाही.

२५ जानेवारी

शेजारच्या बायडाबाईंनी साखर आणून दिली, "आमच्यासाटी बी करा की." मीच केली. मीठ टाकताना मामंजींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली — अजून थोडं. टाकलं. बरोबर होतं! आता दिवसभर भिंतीकडे पाठ असते त्यांची.

२ फेब्रुवारी

सकाळी मामंजी बोलले. जड जिभेने, पण स्वच्छ ऐकू आलं. "छबू."

मला कळेना कोण. आत्याबाईंच्या हातातली परात खाली आली. पदर तोंडाशी धरून मला म्हणाल्या, "लगीन झाल्यापास्नं कधी नावानं हाक न्हाई मारली गं. मला वाटायचं, त्यांना ठावंच न्हाई."