कोड्याखालचं नाव

शनिवार, ३ ऑक्टोबर

पेपरातलं शब्दकोडं आलं. लायनेल नाही. म्हणजे आहे – हॉस्पिटलात, खिडकीजवळच्या खाटेवर, उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. मंगळवारी दाढी करता करता कोसळला. पेपर टाकणाऱ्याला त्याचं काय! टाकला दारात.

तीसहून जास्त वर्षं आमचा शनिवार ठरलेला. पेन लायनेलच्या हातात, तो विटेएवढा लाल शब्दकोश माझ्या मांडीवर. "मेंढीचा रोग, जुना शब्द, मधे के – अगं बघ की लवकर, झोपलीस का?" मी सांगायचं, त्याने लिहायचं. खाली नाव टाकणार तो, पाकीट चिकटवणार तो, कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकून येणारही तोच. तिकिटं तेवढी मी आणायची.

यंदा जानेवारीपासून एकही अक्षर चुकलेलं नाही. वर्षभर बिनचूक पाठवलं की चांदीचा कप. त्यात हे.

रविवार, ४ ऑक्टोबर

सोडवलं! एकटीने!

बैलाच्या ओल्या कातड्यात गुंडाळून धबधब्यामागे पडायचं आणि भविष्य ऐकायचं – स्कॉटलंडच्या डोंगरात या प्रकाराला एक शब्द होता. जगात कुणाला लागतो असा शब्द? मला ठाऊक होता. शब्दकोश उघडला तो नुसता खात्रीला. मधेच लक्षात आलं, की मागून कुणी "हं, हं, पुढे" करत नाहीये. कॉफीसुद्धा गरम असताना प्यायले.

खाली नाव लायनेलचंच टाकलं. तिथे दुसरं नाव मी कधी पाहिलेलंच नाही. कप त्याचा, मेहनत माझी. नवीन काय त्यात.

बुधवार, १४ ऑक्टोबर

या आठवड्याचं पूर्ण केलेलं कोडं त्याला दाखवायला नेलं. वाटलं, खूश होईल. कसलं काय! डावं बोट कागदावर खालच्या बाजूला आपटत सुटला. जिथे मी त्याचं नाव लिहिलं होतं, तिथेच. तोंडातून घशातला आवाज. मी म्हटलं, "अरे, तुझंच नाव आहे, वाच ना!" तर हातातलं पेन हिसकावलं आणि नावावर रेघ मारली. कागद फाटला.

नर्स धावत आली. "आजोबा, आजोबा, शांत! आजी, ते पेन नका आणू हो परत."

म्हणजे स्वतःच्या नावालासुद्धा माझं अक्षर नको! घरी येऊन दुसऱ्या प्रतीवर सगळं पुन्हा उतरवलं.

गुरुवार, १५ ऑक्टोबर

रात्रभर तो डिनर आठवत होता. लायनेलला पहिल्यांदा कप मिळाला त्या वर्षीचा. कोडी रचणारे, तपासणारे, सगळे दिग्गज जमलेले. मी निळा ड्रेस शिवून घेतला होता. कुणीतरी विचारलं, "मिसेस टॅपस्कॉटही सोडवतात का?" लायनेल म्हणाला, "ऑड्री? हिला मी पानं उलटायला ठेवलीय." काय हसले सगळे! मीही हसले. पुडिंग येईपर्यंत हसतच होते.

त्या वर्षीचा सगळ्यात अवघड शब्द मी काढला होता.

शनिवार, २४ ऑक्टोबर

जेवणाआधी संपवलं. मला इतकं येतं, हे मला कुणी सांगितलंच नाही.

रविवार, २९ नोव्हेंबर

मॉरिस आला होता हॉस्पिटलात. लायनेलचा कोड्यातला दोस्त, दरवर्षी दोन-तीन चुकांनी आपटणारा. खाटेवर बसून मोठ्याने, जणू लायनेल बहिरा झालाय, "गड्या, यंदा कप तुझाच! वहिनी, त्याची कोडी वेळेवर पाठवताय ना? विसरू नका हं. आणि जरा चहाचं बघता का?"

त्याची कोडी!

लायनेल मान हलवत होता, जोरजोरात, डाव्या हाताने माझ्याकडे बोट करत होता. मॉरिस म्हणाला, "बघा, तोही चहाच मागतोय." मी उठले. चहा आणला. दोघांच्याही अंगावर ओतावासा वाटला.

शनिवार, १९ डिसेंबर

ख्रिसमसचं कोडं. वर्षातलं शेवटचं आणि सगळ्यात दुष्ट. अर्धे शब्द मेलेले, उरलेले कधी जन्मलेच नसावेत. प्रत्येक सूत्र एक दाखवतं, दुसरंच मागतं. नवऱ्याबरोबर इतकी वर्षं काढल्यावर ते मात्र अंगवळणी पडतं.

सोमवार, २१ डिसेंबर

सगळं सुटलं. शेवटचा शब्द सुटला तेव्हा खुर्चीतून उठून टाळी वाजवली – एकटीच, स्वयंपाकघरात.

मग खाली नाव लिहायला गेले. लायनेल टॅपस्कॉट. हात थांबला. पुन्हा डिनर, पुन्हा कप, पुन्हा मॉरिस. चाकाच्या खुर्चीत बसवून त्याला मिरवतील, आणि मी मागून ढकलेन. पानं उलटली, आता खुर्ची ढकल.

शेवटच्या शब्दातलं एक अक्षर बदललं. मुद्दाम, शाईने. पाकीट चिकटवलं आणि तशीच जाऊन पेटीत टाकून आले. पाऊस होता, छत्रीही घेतली नाही.

शुक्रवार, २५ डिसेंबर

वॉर्डात टर्की, कागदी टोप्या. लायनेलच्या डोक्यावर जांभळी. त्याला घास भरवला. अपराधी वगैरे काही वाटलं नाही.

मंगळवार, २६ जानेवारी

आज त्याला सांगून टाकलं. पेपर पाहिला की अजून तो तसंच करतो – बोट खाली आपटायचं, मग माझ्याकडे. किती सोसायचं माणसाने? म्हटलं, "ऐक. तुझा कप गेला. ख्रिसमसच्या कोड्यात एक अक्षर चुकलंय. मी चुकवलंय, जाणूनबुजून. पानं उलटणारीने!"

हात खाली पडला. माझ्याकडे बघत राहिला. मग रडायला लागला, लहान पोरासारखा, तोंड वाकडं करून. मी पुसलंही नाही.

वाटलं होतं, सांगून मोकळं वाटेल. वाटलंही.

बुधवार, २७ जानेवारी

सकाळी फोन. कोडी तपासणारे मिस्टर गॅमन. "मिसेस टॅपस्कॉट, तुमचं नाव कपच्या यादीतून काढायचं जिवावर आलंय, म्हणून म्हटलं बोलावं."

माझं नाव?

"तुमचंच. जानेवारीपासून दर आठवड्याला तुमच्या नावाने येत होतं, सप्टेंबरअखेरपर्यंत एक चूक नाही. मग यजमानांच्या नावाने यायला लागलं. तुम्ही घाईत लिहिलं असेल, म्हणून आम्ही ती कोडीही तुमच्याच खात्यात धरली. कप तुमचाच होता हो! ख्रिसमसचं तेवढं एक अक्षर..." मग ते म्हणाले, "वर्षाच्या सुरुवातीला यजमानांचा फोन आला होता. म्हणाले, यंदापासून कोडी ऑड्रीच्या नावावर, पानं उलटायला मी आहे. तिला सांगू नका, डिनरलाच कळू दे."

हॉस्पिटलात चार वाजता भेटायची वेळ. कोट घालून दाराशी बसलेय.

तो काल माझ्यासाठी रडत होता.