क्रेनवरची सून

१९ फेब्रुवारी, सोमवार

कँटीन! मला — कँटीन! खिम्याची मांती वळायला, वाफवायला!

नऊ वर्षं या ओतशाळेतली वरची क्रेन चालवतेय मी. लोखंडाचं तापलेलं भांडं काठोकाठ भरून नेते, थेंब सांडत नाही. आणि आता म्हणे पीठ मळ.

शुक्रवारी झालं ते असं. साच्यांची चळत उचलली होती, एका बाजूची साखळी सरकली. खाली खुणा करायला बाबा — माझे सासरे. मी वरून भोंग्यातून ओरडले, 'बाबा! बाबा!' चार म्हातारे वर बघायला लागले. या कारखान्यात पन्नाशीच्या पुढचा प्रत्येक जण कोणाचा ना कोणाचा बाबाच. माझे तेवढे पाठ करून उभे. चळत त्यांच्या खांद्याजवळून वीतभर अंतरावरून गेली.

नियम असा, की धोका दिसला की नावाने हाक मारायची, तीनदा. घंटा तर दिवसभर वाजते, तिला कोण भीक घालतंय! मी नाव घेतलं नाही. कसं घेणार? सून आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ते नाव माझ्या तोंडात आलेलं नाही. इथेसुद्धा लिहिणार नाही.

आस्थापना विभागाच्या लारिसाबाईंनी कागद दिला. 'कौटुंबिक रूढीमुळे सदर कामास अयोग्य.' महिला दिनाच्या आत निर्णय. तोपर्यंत क्रेनवर मीच — दुसऱ्या कोणाला येत नाही म्हणून!

२० फेब्रुवारी

सही केली नाही. करणार नाही.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

लारिसाबाईंच्या खोलीत अर्धा तास. बाई वाईट नाहीत, पण कागदापलीकडे बघत नाहीत. म्हणाल्या, "बुरुल, अगं इथे तो तुझा सासरा नाही, कामगार आहे. घे की नाव! एवढं काय त्यात?"

"तुम्हाला काही नाही त्यात. मला आहे."

"मग क्रेन सोड."

"तेही नाही!"

वर मलाच म्हणाल्या, आडमुठी आहेस. असेन! बाहेरच्या खरेदीदाराला कारखान्यात बाया किती ते भरून द्यायचंय, आणि कँटीनमधल्या बाया मोजल्या तरी टक्का भरतो. म्हणजे मी वर असले काय नि चुलीपुढे असले काय, यांच्या रकान्यात एकच.

मी विचारलं, कामाला माणूस जुळत नसलं तर दर वेळी माणूसच का छाटायचं? काम का नाही? चप्पल चावते म्हणून कोणी पाय कापतं का? हेल्मेटवर आकडे रंगवा, मी आकडा ओरडते. बाई हसल्या. "कामाचं वर्णन मॉस्कोच्या राज्यापासून आहे तेच आहे." मग बदला की! मॉस्कोही बदललं!

खरं सांगायचं तर मी रूढीला घाबरून गप्प नाही. सासूने सांगितलं म्हणूनही नाही. ते नाव न घेणं आता माझं झालंय, माझी आई माझी आहे तसं. ते सोडायचं असेल तर मी सोडेन. लारिसाबाईंनी सोडवायचं नाही.

२३ फेब्रुवारी

पुरुषांचा सण. बाबांना लोकरी मोजे दिले. घेतले, बोलले नाहीत.

२६ फेब्रुवारी, सोमवार

घरात वातावरण तंग. सकाळी मागून विचारलं, "बाबा, चहा ओतू?" — उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. सासूबाई म्हणाल्या, "रागावलेत गं. मरता मरता वाचलेत, तुझ्या हातून."

माझ्या हातून! साखळी सरकली, मी नाही सरकले.

नोवोसिबिर्स्कहून मिर्लानचा फोन. नवरा म्हणून धीर द्यायचा सोडून म्हणतो, "कँटीन काय वाईट आहे? गरम असतं." म्हटलं, तूच ये मग, वळ मांती. ठेवला फोन.

सगळ्यात जास्त लागतं ते बाबांचं गप्प बसणं. मला क्रेनवर चढवलं ते त्यांनीच. तेव्हा सगळा कारखाना हसला होता, "अरे, सून सासऱ्याच्या डोक्यावर बसली!" आणि ते म्हणाले होते, "बसू दे. माझं डोकं मजबूत आहे." तेच आता माझ्याकडे बघितल्याशिवाय एक शब्द बोलत नाहीत.

१ मार्च, शुक्रवार

रंगवले! कोणाला न विचारता. लाल रंग, जाड ब्रश, अकरा हेल्मेटं. एक ते अकरा.

म्हाताऱ्यांनी धुमाकूळ घातला. साचेवाले झाकिप आजोबा म्हणाले, "मी सात? नंबर शर्यतीच्या घोड्याला असतो!" मी म्हटलं, घोडा वळतो तरी, तुम्ही वळा म्हणजे झालं. सगळे हसले. बाबांना चार दिला. त्यांनी हेल्मेट फिरवून बघितलं, घातलं. माझ्याकडे बघून मान हलवली. रडूच आलं मला.

लारिसाबाई कळल्यावर लालबुंद. पण संचालक म्हणाले, बुधवारी चाचणी घेऊ. चालली तर चालली.

४ मार्च

आकडे पाठ. झोपेतही ओरडेन.

६ मार्च, बुधवार

नापास.

ठरलं होतं की ओतशाळा नेहमीसारखी चालू ठेवायची, सगळे आपापल्या कामात, मी मधेच आकडा ओरडणार. "सात!" झाकिप आजोबा बेडकासारखे उडाले. "दोन!" वळला. "अकरा!" वळला. "चार!"

चार वळलेच नाहीत. पाठमोरे, खुंटासारखे. "चार! चार!" शेवटी झाकिप आजोबांनी खांद्याला हात लावला तेव्हा वळले, आणि वर बघून नेहमीसारखी हाताने खूण केली — काय?

सगळे हसत सुटले. "सासरा रुसला! सुनेने आकडा ठेवला म्हणून रुसला!" लारिसाबाईंनी वही मिटली. म्हणाल्या, "पाहिलंस? तू बाबा म्हण, चार म्हण, तो तुझं ऐकणारच नाही. पुरुष आहे. उद्या सही."

मला इतका राग आला! लारिसाबाईंचा नाही, बाबांचा. मी नऊ वर्षं तुमचा मान सांभाळला, तुम्ही माझं एवढं काम सांभाळलं नाहीत? माझ्यावर राग आहे ना, मग घरी काढा! इथे का?

बघतेच उद्या.

७ मार्च

दुपारी सगळे कँटीनमध्ये, महिला दिनाची फुलं नि गाणी. ओतशाळेत यंत्रं बंद. बाबा एकटेच खाली, पाठ करून, भाकरी मोडत होते. मी वर चढले. राग होता म्हणून जमलं. नुसत्या तोंडाने म्हटलं — ओरोझबाय. मग भोंग्यातून, पूर्ण आवाजात. ओरोझबाय! ओरोझबाय! पत्रे थरथरले. त्यांनी घास चावला, दुसरा मोडला.

बाबांना राग नव्हताच. साखळी सरकली त्या शुक्रवारीही नव्हता. बाबांना ऐकूच येत नाही. इतकी वर्षं माझ्या हातांकडे आणि तोंडाकडे बघून काम करतायत, आणि हे कारखान्यात कळलं तर त्यांना उद्याच घरी बसवतील.

खाली उतरले. लारिसाबाईंसमोर त्यांच्या कागदाऐवजी माझा कागद ठेवला, की हाक बंद करा, खुणा करणाऱ्याच्या समोरच्या खांबावर मोठा लाल दिवा लावा, मी वरून बटण दाबेन. त्यांनी विचारलं, कारण काय लिहू?

लिहा — सून सासऱ्याचं नाव घेत नाही. कधी घेतलं नाही, घेणार नाही!