थोरल्याने घासलेलं दार

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, जुन्या गाड्यांना त्यांचा मूळ कारखान्यातला रंग परत देणारा रंगारी, हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. फुप्फुसांविषयी त्यात काही नाही. चाळीस वर्षं थिनर हुंगलेल्या माणसाने तशी अपेक्षाही करू नये.

१. राहत्या दोन खोल्या धाकट्या मुलीला. ती माझं करते म्हणून नव्हे. कुरकुरत करते आणि चहात साखर विसरते. तिला रंग दिसतो म्हणून. आठ वर्षांची असताना तिने एका गाडीच्या डिकीचं रबर उचकटून सांगितलं होतं, "बाबा, ही वरून पिवळट आहे, पण इथे दुधासारखी आहे." रंग मिसळण्याआधी ऊन न पोचलेली जागा शोधायची, एवढं शिकायला मला दोन वर्षं लागली होती.

२. भावाला माझा जुना कॉम्प्रेसर. तो बंद आहे. आईच्या आजारपणात भाऊ जसा रोज "उद्या येतो" म्हणायचा, तसा हाही उद्या चालेल असं वाटत राहतं. दोघांनी एकमेकांना सांभाळावं.

३. मेहुण्याला काही नाही. माझ्याच लग्नात त्याने पाहुण्यांना सांगितलं होतं, "आमचे दाजी फाटकंही रंगवून देतात." पण रिकाम्या हाताने कोणी जाऊ नये. लाल ऑक्साइडचा अर्धा डबा कोपऱ्यात आहे, दगड झाला आहे, तो त्याला फाटकासाठी द्यावा.

४. हे कलम देण्याघेण्याचं नाही, पण पुढचं कळायला लागेल. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची करड्या रंगाची गाडी मी चौदा महिने केली. त्यांच्या वडिलांची गाडी. त्या काळी कारखान्यात रंग घासून गुळगुळीत करत नसत. त्यावर संत्र्याच्या सालीसारखा बारीक दाणा राहायचा. दारं फवारणारा कोणीतरी डावखुरा असावा, कारण प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला रंग उजवीकडे विरळ होत गेला होता. मी तीन महिने डाव्या हाताने फवारायला शिकलो. तो कोण, कुठला, मला माहीत नाही, पण त्याचा हात मी ओळखतो.

ती गाडी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात जायची होती, त्याच्या आदल्या दिवशी मी दवाखान्यात होतो. थोरल्या मुलाने पुढचं डावं दार पाणी मारून पॉलिशपेपरने घासलं आणि चकाचक केलं. दाणा म्हणजे बापाचा हात थरथरला, असं त्याला वाटलं. ही चूक मी माफ केली असती. पॉलिशपेपर धरायला त्याला मीच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी टॉर्च तिरका धरला आणि विचारलं, "हे दार कोणी केलं?" थोरला माझ्या शेजारी उभा राहून स्वतःचे बूट पाहत होता. मी म्हणालो, "मी." बाई म्हणाल्या, "हात गेला का हो तुमचा?" त्यानंतर माझ्या शेडमध्ये गाडी आली नाही. बारा वर्षं झाली, 'दार मी घासलं' हे वाक्य थोरल्याच्या तोंडून अजून निघालेलं नाही. पुढच्याच महिन्यात त्याने स्वतःचं दुकान काढलं. पाटीवर लिहिलं, 'वडिलोपार्जित कसब'. तिथल्या गाड्यांत बघून दाढी करता येते.

५. शेड, फवाऱ्याच्या चारही गन, दोनशे अकरा नमुन्याचे पत्रे आणि रंगांच्या मापांची वही, हे सगळं थोरल्याला. त्याच्याकडे वही नाही म्हणून त्याला एकही जुना रंग जुळत नाही, आणि गिऱ्हाइकं आता विचारू लागली आहेत. तो दर फोनला म्हणतो, "बाबा, तुमच्यामागे वही माझीच ना?" मी दर वेळी हो म्हणतो. मी शब्द पाळला आहे. मात्र हे कलम रद्द झाल्यास त्यातलं सर्व धाकटीला जावं.

६. वकीलसाहेबांनी बजावलं आहे, "काका, ज्याला काही द्यायचंय त्याची साक्ष घेऊ नका. साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला दिलेलं रद्द होतं." मी तीनदा विचारून खात्री केली. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

म्हणून पहिला साक्षीदार शेजारचा सुतार आहे, आणि दुसरा साक्षीदार म्हणून मी थोरल्याला बोलावलं आहे. सगळी पानं त्याच्यासमोर उघडी ठेवीन. अक्षर मोठं आहे, खाडाखोड नाही. त्याने वाचलं तर तो पेन खाली ठेवेल, सगळं त्याचं होईल आणि बारा वर्षं मी उगाच जळलो असं मी मान्य करीन. धाकटीला मुद्दाम औषधं आणायला पाठवलं आहे. ती इथे असती तर तिने टेबलाखालून भावाला पाय मारला असता.

७. आत्ता तो समोर बसला आहे. अंगाने सुटला आहे. भिंतीवरचे पत्रे मोजतो आहे. हे कलम मी त्याच्यादेखत लिहितो आहे.

"बाबा, वही मला लिहिलीय ना?"

"लिहिलीय. पाचवं कलम. वाच."

"तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. सही कुठे करू?"

"वाच आधी," मी पुन्हा म्हणालो. सुतारही म्हणाला, "वाचून घे रे बाबा." तो हसला आणि त्याने पेनाचं टोपण काढलं.

स्थळ: रंगाची शेड, उत्तरेच्या खिडकीजवळ.
तारीख: ९ फेब्रुवारी, दुपारी सव्वातीन.

मृत्युपत्र करणारा: (सही) रंगारी. डाव्या हाताने केली आहे, ती माझीच आहे.

साक्षीदार पहिला: (सही) शेजारचा सुतार. सगळं वाचून केली.

साक्षीदार दुसरा: (सही) थोरला मुलगा. खाली दोन ठळक रेघा ओढल्या आहेत.