पडद्याआडून विचारलेलं नाव

उझुनयायला,
जून १९०९

प्रिय नालमेस,

ही फ्रेंच अक्षरं बघून तुला हसू येईल. चुलीपुढच्या राखेत बोटानं गिरवून मी तुला शिकवली होती ती हीच. या पठारावर ती वाचणाऱ्या आपण दोघीच, माझ्या मुलांनाही येत नाहीत. त्यामुळे डोंगरापलीकडे, भाऊजींच्या घरी हे पत्र कुणी फोडलं, तरी मला काळजी नाही.

इकडे ठीक आहे. तांबडी घोडी व्याली, शिंगरू अशक्त आहे पण जगेल. सूनबाई चीजला धुरी देते, त्याला तुझ्या हातचा रंग येत नाही. मी तसं बोलून दाखवत नाही. तबेल्यामागचं रानटी नासपतीचं झाड अजून उभं आहे. तुझी आई त्याला चिंध्या बांधायची आणि तिथूनच नमाजाला जायची, ते आठवतं? मशिदीतले एफेंदी ओरडायचे, “म्हातारे, एक काहीतरी धर!” आणि ती म्हणायची, “समुद्र ओलांडताना अल्लाला आणि झाडातल्या जुन्या देवाला, दोघांना हाक मारली होती, आता एकाला कसं सोडू?”

मी त्याच समुद्रावरून आले, आपल्या लोकांचा देश सुटला तेव्हा, सहा वर्षांची असताना. त्रबझोनच्या धक्क्यावर उतरले तेव्हा माझं कुणी उरलं नव्हतं. फ्रेंच सिस्टरांनी उचलून मठात नेलं, कपडे उकळून दिले, नऊ वर्षं सांभाळलं. मग एका लांबच्या मामानं मला शोधून काढलं आणि या घरात दिलं. मी सून म्हणून आले, तू त्या घराच्या मालकीची होतीस, जन्मापासून, तुझ्या आईसारखी. पहिल्याच दिवशी मला दाराआड ओढून तू म्हणालीस, “बाईसाहेब, मान खाली, पाठ भिंतीला. सासऱ्यांचं नाव नाही, दिरांचं नाही, नवऱ्याचं तर नाहीच नाही. मठात तुम्हाला बोलायला शिकवलं, आता गप्प बसायला मी शिकवते.” आणि शिकवलंस. सव्वीस वर्षं मी त्यांना ‘अहो’ म्हणून हाक मारली आणि लोकांपुढे ‘मुलांचे वडील’ म्हटलं.

त्यांच्या शेवटच्या तापात एफेंदी रोज येऊन बसत. एकदा भाऊजीही होते. जन्मानं मुसलमान असलेल्या माणसाला गुलाम ठेवता येत नाही, असं एफेंदी म्हणाले. भाऊजी चिडले. “नमाजाला एका रांगेत उभे राहिले, म्हणून जेवायलाही एका रांगेत बसणार का? धर्म अल्लाचा, रीत आपल्या बापजाद्यांची.” एफेंदी म्हणाले, “अल्लाला चालतं, तुझ्या पोटात का दुखतं?” हे अंथरुणावरून हसले होते. दुसऱ्या दिवशी भाऊजी घरी नसताना त्यांनी एफेंदींना, वन्संना आणि मला जवळ बोलावलं, आणि नालमेस व तिची मुलं आजपासून मोकळी आहेत असं स्पष्ट सांगितलं. चौथ्या दिवशी ते गेले. भाऊजी म्हणाले, तापात माणूस काहीही बरळतो.

तू दावा लावलास. एफेंदींनी साक्ष दिली. वन्संनीही दिली, बहिणीला भावाचं नाव घ्यायला अडचण नसते. साक्षीला दोन पुरुष, नाहीतर एक पुरुष आणि दोन बायका लागतात, म्हणून सगळं माझ्यावर आलं. तू बाहेर अंगणात तुझ्या लेकीचा, सूरेतचा हात धरून उभी होतीस. मी पडद्याआड बसले होते. काझींनी विचारलं, कुणी मोकळं केलं, नाव सांगा. मी म्हणाले, मुलांच्या वडिलांनी. कारकून म्हणाला, असं लिहिता येत नाही, नाव हवं. तीनदा विचारलं, तीनदा मी गप्प राहिले. आपली माणसं मागून कुजबुजली, “काय घरंदाज बाई आहे!” दावा फेटाळला गेला. भाऊजींनी तुम्हाला आपल्या घरी नेलं आणि सूरेतला त्याच शरद ऋतूत विकून इस्तंबूलला पाठवलं. जाताना तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, “रडू नका बाईसाहेब, तुम्ही तरी ते नाव कसं घेणार होता?”

नऊ वर्षं मी त्या वाक्याच्या आडोशाला राहिले आहे.

तिसऱ्यांदा मी गप्प राहिले तेव्हा काझी जागेवरून उठले. म्हातारे, परमुलखातले तुर्क होते, पण आपल्या बायकांची रीत त्यांना माहीत होती. पडद्याशी येऊन फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू त्यांनी ह्यांचं नाव स्वतःच उच्चारलं, बापाच्या नावासकट. म्हणाले, “बाई, तोंड उघडू नका. हाच माणूस असेल तर नुसती मान हलवा.” मान हलवायला कुठलीच रीत आड येत नाही, नालमेस. तुझ्याकडूनच मी रीत शिकले, म्हणून मला पक्कं ठाऊक आहे. आदल्या दिवशी भाऊजी येऊन म्हणाले होते, “ती माणसं गेली तर तुझ्या वाट्याचं शेत कोण कसणार? तुझी पोरं शाळेत, आणि तू फ्रेंच बोलणारी.” मला उभं जव दिसत होतं. तुझी मुलं विळे घेऊन माझ्या शेतात उतरलेली दिसत होती. मी मान हलवली नाही. शेवटी भाऊजींनी तुम्हाला नेलंच आणि त्या वर्षी जव शेतातच झडलं. पण ही शिक्षा झाली असं म्हणून मी सुटत नाही.

आता नवी राजवट आली आहे, जुने दावे पुन्हा ऐकतात. तुझ्या नातीसाठी, खानीफसाठी, भाऊजींकडे इस्तंबूलचा दलाल दोनदा येऊन गेला, हे मला कळलं. पोर तेरा वर्षांची आहे. येत्या सोमवारी मी अझीझियेच्या कचेरीत जाते आहे. एफेंदींची साक्ष दफ्तरात आहे, वन्सं बरोबर येणार आहेत. मुलगा म्हणाला, “आई, काकांशी वैर घेतलंस तर या गावात आपल्याला पाणी कोण देईल?” मी त्याला घोड्यावर जीन घालायला सांगितलं. कचेरीत मी मोठ्यानं बोलणार आहे, आणि पडद्यामागे काय झालं होतं तेही सांगणार आहे. ते तुला अंगणात उभं राहून दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. क्षमा मी मागत नाही; सूरेतच्या वतीनं ती तुलाही देता येणार नाही. माझ्या नवऱ्याचं नाव जांबोत. जांबोतनं, शुद्धीवर असताना, माझ्यासमोर तुला मोकळं केलं.

तुझीच,
जानसेत