दारावरची पितळी नळी

७ जाने. ९६, रविवार
आज क्लासचा पहिला दिवस. भाईंदरला इंद्रलोकमध्ये, डायनाच्या घरी हॉलमध्ये, दुपारी चारला. आपल्या ज्यू समाजाची अकरा माणसं, सगळी पन्नाशीच्या पुढची, मांडीवर वही घेऊन. मास्तर ठाण्याचा, एलियाझर, वय तीसही नसेल. दोन वर्षं इस्राएलला शिकून आलाय. हिब्रू अक्षरं, सण, शास्त्र, सगळं शिकवणार, आणि फी नाही. फुकट शिकवतोय म्हणजे काहीतरी हवं असणार.
हे म्हणाले, "तुला एक्स्चेंजमधून रिटायर होऊन चार वर्षं झाली, अजून सगळ्यांच्या लाइनीवर कान." टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेवीस वर्षं काढली की कान आपोआप तसे होतात. मी काय करू.

१४ जाने., रवि.
अक्षरं उजवीकडून डावीकडे. माझा आलेफ बरा आला, ह्यांचा खेकड्यासारखा.
मग फॉर्म वाटले. आईचं माहेरचं नाव, आजीचं माहेरचं नाव, गाव. मी विचारलं, हे कागद कुणाकडे जातात? म्हणे, "कुठे नाही आंटी, माझ्याच फाइलमध्ये. कोण कुठल्या गावचं ते कळावं म्हणून." मी आजीच्या रकान्यात रेघ ओढली. ह्यांनी मात्र स्वतःच्या चार पिढ्या लिहिल्या, वर जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला.
डायनाने मटण पॅटिस केले होते. आपल्यात मटणाबरोबर दूध चालत नाही, म्हणून त्यावर चहा दुधाचा की बिनदुधाचा, ह्यावर अर्धा तास. शेवटी बिनदुधाचा. डोकं दुखलं.

२१ जाने., रवि.
आजचा धडा मेझुझाचा. दाराच्या चौकटीवरची नळी, आत शास्त्रवचन लिहिलेला कातडी कागद. हे आम्हाला शिकवायला नको. येताजाता बोट लावून ओठाला लावतो, कळायला लागल्यापासून. पण मास्तर म्हणाला, सात वर्षांत दोनदा उघडून तपासायला लागतं. शाई उडते, एक अक्षर जरी गेलं तरी चालत नाही. आमच्यापैकी कुणी जन्मात उघडलेली नव्हती.
ठाण्याला एक परदेशी गृहस्थ आलेत म्हणे, असे कागद लिहिणारे आणि तपासणारे. आठवड्याभरासाठी सगळ्यांनी नळ्या द्यायच्या.
मी नाही म्हटलं. पप्पांच्या गावच्या मशिदीतला जुना दिवा असाच कुणी बघायला म्हणून नेला होता. (पप्पा सिनेगॉगला मशीदच म्हणायचे.) तो दिवा परत आलेला मला तरी माहीत नाही.

२३ जाने., मंगळ
मास्तर आज शांती नगरला घरी आला. मी भाजीला गेलेली. ह्यांनी स्टुलावर चढून, स्क्रू काढून, नळी त्याच्या हातात दिली. वर त्याला पोहे खाऊ घातले.
मी दिवसभर ह्यांच्याशी बोलले नाही. पप्पांच्या आजोबांनी मुंबईत एका बगदादी व्यापाऱ्याकडून घेतलेला तो कागद. पेणजवळच्या आमच्या घराच्या दारावर तो होता, पप्पांचं लहानपण त्याखाली गेलं. माझा भाऊ सॅम ७२ साली इस्राएलला गेला तेव्हा पप्पांनी ते घर सोडलं, नळी उपटून खिशात घालून माझ्याकडे आले. स्वतःच्या हाताने माझ्या दारावर लावली. नऊ वर्षं माझ्याकडे राहिले, माझ्याकडेच गेले. म्हणायचे, पोरी, आपल्याकडे दागिना असा हा एकच.

२६ जाने., शुक्र.
समोरच्या कांबळेबाई: "ताई, तुमच्या दारावरली ती पितळी काय झाली? काढली का?" मी म्हटलं तपासायला दिलीय. "आता तिला काय तपासायचं?" त्या परभणीकडच्या, बौद्ध, त्यांना काय सांगणार. पण प्रश्न बरोबर होता.
नुसती दोन भोकं दिसतात. बाहेर पडताना बोट आपोआप वर जातं आणि भिंतीला लागतं. खूप वाईट वाटतं.

२८ जाने., रवि.
घरी येऊन चप्पलही न काढता लिहायला बसले.
मास्तरने नळ्या परत आणल्या. आमची दोघांची मिळून एक, अशा दहा; त्यांतल्या चारच ठीक निघाल्या. डायनाच्या नळीत तिच्या सासऱ्यांनी साध्या वहीच्या कागदावर बाळबोधीत लिहिलेली प्रार्थना. गावाकडे कातडी कागद कुठून आणायचा, त्यांनी आपल्या परीने सोय केली. डायना हसली, सगळे हसले. एकाच्या नळीत काहीच नाही.
मग माझी. "आंटी, तुमच्यात पण छापील कागद आहे. पुस्तकातलं पान." माझ्या हातात घडी दिली. एका बाजूला हिब्रू, दुसऱ्या बाजूला मराठी.
मी सगळ्यांसमोर म्हटलं, आमचा कातडी कागद कुठाय? कितीला दिलात? असंच म्हटलं. मास्तरचा चेहरा उतरला. म्हणाला, "आंटी, पाच दिवस माझ्या बॅगेत आणि त्यांच्या टेबलावर. मी अजून काय सांगू?" ह्यांनी मला हाताला धरून उठवलं. रिक्षात म्हणाले, तू फार वाईट बोललीस.
बोलले. आणि पुन्हा बोलेन.

१ फेब्रु., गुरु
क्लासमधलं कुणी फोन करत नाही. डायना बाजारात दिसली, भाईंदर पश्चिमेला, मासे घेत होती. नमस्कार केला आणि दुसऱ्या कोळणीकडे वळली.
नळीत आता ते पानच परत ठेवलंय, पण दारावर लावलेली नाही. कपाटात आहे. पान पुन्हा पुन्हा बघते. मराठी छपाई जुनी आहे, जुन्या वळणाची. मास्तर आजकालचं पोरगं, एवढं जुनं पान कुठून आणेल? विकणाऱ्यांकडे मिळत असेल.

५ फेब्रु., सोम.
आज झाडांच्या सणाचा मलिदा. पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं, गुलाब. एलियाहू हन्नबी ह्या प्रेषिताचं नाव घेतलं. कांबळेबाईंना ताट दिलं.
मलिद्याचा मोठा थाळा खालच्या ट्रंकेत असतो. त्याच्याखाली मम्मीचं प्रार्थनेचं पुस्तक, तिच्या पांढऱ्या ओढणीत बांधलेलं, पप्पांबरोबर गावाहून आलेलं. मम्मी ६८ साली गेली तेव्हापासून ते कुणी सोडलं नसेल असंच मी धरून होते. पप्पांचं वेगळं, ते रोजच्या वापरातलं. का कोण जाणे, आज गाठ सोडली.
छपाई तीच. वळण तेच. मधलं एक पान नाही.
नळीतलं पान आणून लावून पाहिलं. कडेला कड बसली.
म्हणजे मास्तर नाही. त्या पोराला मी अकरा माणसांसमोर चोर म्हटलं.

६ फेब्रु., मंगळ
कापलंय पट्टी लावून. रेघ इतकी सरळ की बोट फिरवलं तरी कळत नाही. पप्पांचे हात तेव्हाच थरथरायचे, दाढी करताना रोज रक्त काढायचे. सॅमभाऊ मात्र मुंबईत आमच्या गल्लीतल्या बुकबाइंडरकडे सहा वर्षं कामाला होता. आणि जायच्या आधीचा अख्खा आठवडा तो एकटाच पप्पांबरोबर त्या घरात होता. मी बाळंतीण, मुंबईत.
हे सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "आता मास्तर सुटला, भाऊ अडकला." मला हसू आलं नाही.

११ फेब्रु., रवि.
क्लासला गेले. सगळ्यांसमोर बोलले होते म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली. मास्तर म्हणाला, "जाऊ दे आंटी, माझी आई पण अशीच आहे." हे ऐकून जास्त वाईट वाटलं. त्याने नवीन कागद आणलेत, ज्यांचे नाहीत त्यांना देतोय. माझा घेऊन ठेवला. लावला नाही.
कुणी कापलं ते त्याला सांगितलं नाही. घरातली गोष्ट.
पण फॉर्म मागून घेतला आणि आजीचं नाव लिहिलं.

१९ फेब्रु., सोम.
सॅमभाऊला पत्र तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. पत्राला माणूस विचार करून उत्तर देतो. मला विचार न केलेलं हवंय.

३ मार्च, रवि.
स्टेशनजवळच्या बूथवरून आयएसडी लावला. तिकडे सकाळ. सॅमभाऊनेच उचलला. तब्येत, नातवंडं, गुडघे. मग मी एकदम विचारलं, पप्पांच्या नळीतला कागद तुझ्याकडे आहे?
थांबला. तेवीस वर्षं मी ह्या थांबण्यांवर माणसं ओळखली आहेत. पण परदेशच्या लाइनीला स्वतःचाच उशीर असतो. भाऊ थांबला की लाइन, कळलं नाही.
"आहे. माझ्या दारावर आहे."
कुणाला विचारून?
पुन्हा तेच, तेवढाच वेळ. "पप्पांनीच दिला, रिबेका. मुलाच्या दाराला असू दे म्हणाले. मम्मीच्या पुस्तकातलं पान त्यांनीच निवडून दिलं, मी फक्त कापलं. तुला कळू देऊ नको म्हणाले."
मी फोन ठेवला.

४ मार्च, सोम.
मास्तरने दिलेला नवीन कागद नळीत घालून, स्क्रू ड्रायव्हर घेऊन हे स्टुलापाशी उभे. म्हणाले, लावू का? मी म्हटलं थांबा.
पप्पा नऊ वर्षं माझ्या दारातून आत-बाहेर करत होते. प्रत्येक वेळी बोट नळीला, मग ओठाला. शेवटी उठवत नव्हतं तेव्हा मी खुर्ची दारापाशी नेऊन त्यांचा हात धरून वर पोचवायचे. आत काय आहे ते त्यांना माहीत होतं? माहीत असून माझ्याकडे बघून म्हणायचे, आपल्याकडे दागिना हा एकच? की सॅमभाऊने त्यांनाही फसवलं, आणि काल सगळं मेलेल्या माणसावर ढकलून मोकळा झाला?
आता विचारायला कुणी नाही.
आयुष्यभर समोरचा खोटं बोलतोय ह्या भीतीने ऐकत आले. काल रात्रीपासून एकच मागणं चाललंय, सॅमभाऊ खोटं बोलला असू दे.